परिचय माझा, टाळ्या त्यांच्या

आमच्या मागच्या गॅलरीतून क्लबचा हॉल दिसायचा. हॉल म्हणजे बोळापलीकडच्या वाचनालयाचा वरचा मजला. दिसायचा म्हणजे तीन खिडक्या, त्यातला पिवळा उजेड आणि छताच्या पंख्याची फिरणारी पाती, एवढंच. दर गुरुवारी संध्याकाळी तिथं शहरातले डॉक्टर, वकील, पेठेतले व्यापारी, कॉलेजातले प्राध्यापक असे लोक जमायचे आणि कुणातरी पाहुण्याचं व्याख्यान ठेवायचे. बोललेलं आमच्यापर्यंत पोचायचं नाही. टाळ्या मात्र स्वच्छ ऐकू यायच्या.

माझा जळफळाट व्हायचा तो त्या टाळ्यांवरून. कारण त्यातल्या पहिल्या टाळ्या माझ्या असायच्या आणि त्या घेऊन यायचे आमचे हे.

हे दातांचे डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना ‘आ करा’ म्हणायचं, पण चारचौघांत स्वतःचं तोंड उघडायची वेळ आली की यांना घाम फुटायचा. क्लबात आले तेच मुळी एका ज्येष्ठ सर्जनांच्या भिडेखातर. पहिली दोन वर्षं मागच्या रांगेत बसून चहा पिऊन परत यायचे. मग पाहुण्यांचा परिचय करून देणारे गृहस्थ बदली होऊन पुण्याला गेले आणि अध्यक्षांनी ते काम यांच्या गळ्यात मारलं. त्या दिवशी घरी आले ते चेहरा पाडूनच.

‘अगं, तू कॉलेजात बोलायचीस ना? जरा चार ओळी लिहून दे की.’

बोलायचीस! मी कॉलेजात बोलायचे म्हणजे काय, तर तीन वर्षं वक्तृत्वाच्या पहिल्या कपाला मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. ते तिन्ही कप लग्नात माझ्याबरोबर सासरी आले. एकात सासूबाईंनी बटणं आणि सेफ्टी पिना ठेवल्या. दुसरा कपाटावर धूळ खात होता. तिसरा यांनी दवाखान्यात नेला आणि त्यात कापसाचे बोळे भरले. ‘आकाराला बरोबर आहे,’ म्हणाले. वाईट हेतू नव्हता त्यांचा. त्यांचा कधीच कशात वाईट हेतू नसायचा, आणि म्हणून त्यांच्याशी धड भांडताही यायचं नाही.

तर मी चार ओळी लिहून दिल्या. पाहुणे होते मिरजेहून आलेले डोळ्यांचे डॉक्टर. त्यांच्या पदव्यांची जंत्री वाचत बसण्यापेक्षा मी सुरुवात केली ती अशी: ‘तुमच्या आईला सुईत दोरा ओवता येतो का? घरी जाऊन आज विचारा.’ ही माझी जुनी खोड. कॉलेजातही माझं भाषण कधी देशापासून किंवा समाजापासून सुरू झालं नाही, घरातल्या एखाद्या वस्तूपासूनच सुरू व्हायचं. समोरचा माणूस आधी स्वतःच्या घरात जाऊन येतो, मग तुम्ही म्हणाल तिकडं येतो.

त्या गुरुवारी मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. पलीकडे एकदम टाळ्या पडल्या. हातातला टॉवेल तसाच राहिला. सुईदोऱ्याला पडल्या, मला कळलं. वळसंगची आमची कामवाली भांडी घासता घासता म्हणाली, ‘बाई, आज लई टाळ्या पडल्या की. डॉक्टरसायेब बोलले वाटतं.’

‘व्हय,’ मी म्हटलं, ‘तेच बोलले.’

तेव्हापासून तो पायंडाच पडला. बुधवारी संध्याकाळी मी भाकऱ्या थापायची आणि हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कागद घेऊन उभे राहायचे. मी सांगायची, ‘इथं थांबा. लगेच पुढं पळू नका. लोकांकडं बघा.’ ते थांबायचे, तव्याकडं बघायचे. ‘परत म्हणा. “रेल्वे” वर जोर नको, “शिट्टी” वर द्या.’ ते द्यायचे. शिकवलेलं निमूटपणे शिकणारा असा विद्यार्थी मला शाळेत नोकरी करून मिळाला नसता. आणि आवाज! आवाज देवानं त्यांना दिला होता. खालच्या पट्टीतला, भरदार, जरा खरखर असलेला. माझं वाक्य त्या आवाजात ऐकलं की मलाच ते जास्त खरं वाटायचं. हे सगळ्यात जास्त झोंबायचं.

कुर्डुवाडीच्या कारखान्यातले रेल्वेचे इंजिनियर आले, मधमाश्या पाळणारे एक गृहस्थ आले, हातमागावरच्या रंगांविषयी बोलायला कुणी आलं, साप पकडणारे आले. प्रत्येकाला जाताना क्लबकडून एक सोलापुरी चादर आणि नारळ मिळायचा. पाहुणे चादर घेऊन जायचे, आणि पेठेत मात्र चर्चा व्हायची ती आमच्या डॉक्टरांची. भाजी घेताना, हळदीकुंकवाला, कापडाच्या दुकानात बायका मला गाठून म्हणायच्या, ‘काय बोलतात हो तुमचे मिस्टर! घरी पण असंच बोलतात का?’

‘घरी “मीठ कमी आहे” एवढंच बोलतात,’ मी म्हणायची. त्या हसायच्या. त्यांना वाटायचं मी कौतुकानं म्हणते आहे.

बायकांना त्या बैठकांना यायला परवानगी नव्हती. वर्षातून एखाददुसरा कुटुंबमेळावा व्हायचा तेवढाच, तोही व्याख्यानाशिवायचा. तेव्हा आम्ही शालू नेसून, मुलांना दटावून बसवून, मागच्या खुर्च्यांवर जायचो. एरवी क्लबची कामं असली की आमची आठवण यायची. वळसंगला डोळ्यांचं शिबिर घेतलं तेव्हा उपमा आम्ही केला. दुष्काळात गावोगाव पाणपोया घातल्या तेव्हा रांजणांना फडकी शिवायला आम्हीच होतो. शिबिराच्या उद्घाटनाला यांनी माझं एक वाक्य म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या वर्तमानपत्रात ते चौकटीत आलं, खाली यांचं नाव. यांनी ते कात्रण दवाखान्यात काचेखाली लावलं. दात दुखणारा प्रत्येक माणूस गाल धरून ते वाचायचा. मला कधी दवाखान्यात डबा द्यायला जावं लागलं तर मी तिकडं बघायचीच नाही.

त्यांना सांगावं वाटायचं का? वाटायचं. पण काय सांगणार? मला तुमचा हेवा वाटतो, असं बायको नवऱ्याला कधी म्हणते का? तिनं नवऱ्याचा अभिमान बाळगायचा असतो. मी पण बाळगत होते, चारचौघीत. आतून मात्र त्यांच्या घशाला जरा खवखव झाली की मला बरं वाटायचं, आणि तरी मीच त्यांना हळद-दूध द्यायची. माझी वाक्यं वाया जाऊ नयेत ना!

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका बुधवारी यांनी पुढच्या पाहुण्यांची माहिती आणली. पुण्याच्या सरकारी खात्यातल्या आहारतज्ज्ञ. दुष्काळी कामांवरच्या मुलांच्या खाण्यापिण्याची पाहणी त्यांनी केली होती. पहिल्यांदाच बाई व्याख्यानाला येणार, म्हणून त्या दिवशी कुटुंबमेळावा ठेवला होता. मी नाव वाचलं आणि हातातली भाकरी तव्यावर दुमडली गेली.

ती माझ्या वर्गात होती. मैंदर्गीची. घरात कानडी, त्यामुळं तिचं मराठी जरा हेलकावे खात चालायचं. वसतिगृहात राहायची, दोनच साड्या आलटूनपालटून नेसायची, आणि वक्तृत्वात तीन वर्षं दुसरी यायची. पहिली मी. निकाल लागला की ती माझ्याकडं असं बघायची की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. त्या वयात दुसऱ्याचा हेवा आपल्या वाट्याला येणं यासारखं सुख नाही. बी.ए. झाल्यावर माझं लग्न ठरलं, आणि ती पुढं शिकायला गेली.

‘ही माझ्या वर्गात होती,’ मी यांना म्हटलं.

‘असं? अरे वा,’ म्हणाले. ‘मग तर तुला सोपंच जाईल लिहायला.’

सोपं! आता ही व्यासपीठावर बसणार, माझा नवरा माझ्या शब्दांत तिची ओळख करून देणार, आणि मी मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणार. एकाच संध्याकाळी दोघांवर जळायचं. मनात आलं, लिहून द्यावं काहीतरी पांचट. जन्म, शिक्षण, पदव्या, हुद्दा. पण रात्रभर डोक्यात वाक्यं फिरत राहिली, आणि सकाळी मी लिहिलं ते आजवर लिहिलेल्या सगळ्यात चांगलं होतं. माझ्यात तेवढा गर्व होताच. ती ऐकणार होती.

मेळाव्याला हॉल भरला होता. ती आली ती निळ्या काठाची साधी सुती साडी नेसून. केस कापलेले नव्हते, चष्मा लागला होता, मनगटावर पुरुषी पट्ट्याचं मोठं घड्याळ. प्रवासानं दमलेली दिसत होती. मला तिच्या त्या दमण्याचाही हेवा वाटला. मी दमायची ती घरातल्या घरात, हिचं दमणं गाडीतून उतरून आलेलं होतं. तिनं मला रांगेत ओळखलं आणि लांबूनच हात केला. मीही केला, पदर सावरल्यासारखा.

हे उठले. माईकपाशी गेले. मी सांगितलं होतं तसं लोकांकडं बघितलं, आणि म्हणाले:

‘तुमच्या घरात शेवटची भाकरी कोण खातं?’

थांबले. बरोबर तेवढंच थांबले. पुढच्या खुर्च्यांवरचे पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. मागं आमच्याकडं कुणीतरी बाई हळूच हसली, मग दुसरी, आणि मग मागच्या सगळ्या खुर्च्यांतून टाळ्या उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या वाक्याच्या टाळ्यांमध्ये बसले होते. शेजारची, एका वकिलांची बायको, डोळे पुसत मला म्हणाली, ‘नशीबवान आहात हो. बाईच्या मनातलं कळणारा नवरा मिळाला.’ मला वाटलं तिच्या हातावर चापट मारावी.

पुढचा परिचय यांनी उत्तम केला. मी लिहिलेला एक शब्दही सोडला नाही. मग ती उठली. माईक जरा खाली ओढला आणि तिच्या त्याच हेलकाव्याच्या मराठीत म्हणाली:

‘माझ्या विषयाकडं नंतर वळते. आधी एक सांगते. ही सुरुवात मी ओळखते. घरातल्या वस्तूपासून सुरू करायचं, ही या शहरात एकाच डोक्यातली युक्ती आहे. त्या डोक्यानं मला कॉलेजात तीन वर्षं दुसऱ्या नंबरावर ठेवलं. ते डोकं आज याच हॉलमध्ये आहे.’

असं म्हणून ती सरळ माझ्या रांगेकडं बघत थांबली.

खुर्चीच्या पाठीवर हात टेकून मी उठायला लागले. एवढ्यात व्यासपीठावर अध्यक्षांनी, ते पेठेतले कापडवाले, मोठे हौशी गृहस्थ, यांच्या पाठीत धपकन थाप मारली. ‘अहो डॉक्टर! तुम्ही पाहुण्यांना कॉलेजात हरवलंत, आणि कधी बोलला नाहीत की!’

अख्खा हॉल हसला. टाळ्यांचा कडकडाट झाला. कॉलेजात हे होते दुसऱ्या गावाला, यांनी आयुष्यात कप म्हणून जिंकला नव्हता, पण हे विचारतो कोण? मी अर्धी उभी होते. मागून कुणीतरी माझा पदर ओढला. ‘बसा हो बाई, मागच्यांना दिसत नाही.’

हे खुर्चीतून जरासे उठले. तोंड उघडलं. मी बघत होते. तेवढ्यात अध्यक्षांनी पितळी घंटा वाजवली. त्या क्लबात त्या घंटेचं भारी प्रस्थ. घंटा झाली की पाहुण्याशिवाय कुणी बोलायचं नाही, असा नियम, आणि तो मोडलेला मी कधी ऐकला नाही. यांनी तोंड मिटलं, हात जोडले, सगळीकडं बघून हसले आणि खाली बसले. मीही बसले.

तिनं माझ्यावरची नजर काढली. मग चष्मा वर सारून सुकडीविषयी बोलायला लागली: दुष्काळी कामांवर मुलांना वाटलेलं ते पौष्टिक पीठ कुठल्या घरात कुणाच्या पोटात गेलं, मुलींना किती, मुलांना किती. चांगलं बोलली. पूर्वी ती हात फार हलवायची, ते आता गेलं होतं. मी तिच्या भाषणात कुठं अडखळते का ते शोधत होते. नाही अडखळली.

नंतर चहा-चिवड्याच्या वेळी मी तिला गाठलं. तिच्यासाठी शेंगाचटणीची पुडी बांधून नेली होती, ती दिली. तिच्या खांद्यावर क्लबची चादर होती. तिनं पुडीचा वास घेतला आणि विचारलं, ‘का गं, उभी का नाही राहिलीस?’

‘उठत होते. तुला दिसलं नाही?’

‘दिसलं. म्हणून तर थांबले होते.’

‘तू नाव घ्यायचंस की माझं!’ मी चिडून म्हटलं. ‘एवढं बोललीस, तर एक नाव जड झालं तुला?’

‘मला वाटलं, ते तू घेशील. कॉलेजात कुणी बोलवायच्या आधी उठायचीस.’ मग तिनं मनातलं सांगितलं. तिच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. असता तर मला सोसलं असतं. ‘खरं सांगू? तुझ्यावर मी फार जळले गं. पुण्यात पहिलं भाषण केलं तेव्हा पण मनात तूच होतीस, ही असती तर कशी बोलली असती म्हणून. आज तू खाली बसलीस ना, तेव्हा पहिल्यांदा मला तुझा हेवा वाटला नाही.’

तिला स्टेशनवर सोडायला कुणाची तरी गाडी आली होती. ती गेली. मी तिथंच उभी. कप गेले होते, बटणांत आणि कापसात, त्याचं मला एवढं वाटलं नव्हतं. पण जगात एक बाई माझ्यावर जळत होती, ती माझी खरी कमाई होती, आणि ती पण चटणीची पुडी घेऊन गाडीत बसून निघून गेली.

बोळ ओलांडताना हे म्हणाले, ‘मी सांगणारच होतो गं. पण घंटा झाली.’

‘हो,’ मी म्हटलं.

‘घंटेनंतर बोलता येत नाही.’

‘माहीत आहे मला.’

पुढच्या बुधवारी ते नेहमीसारखे कागद घेऊन उंबऱ्यावर आले. पाहुणे कुक्कुटपालनाचे अधिकारी होते. मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. ‘यापुढं मी लिहिणार नाही,’ म्हटलं. ‘तुमचं तुम्ही बघा.’

त्यांनी कागदाची घडी केली. कारण विचारलं नाही, विचारलं असतं तर मी सगळं ओकले असते. ‘बरं,’ म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन टेबलाशी बसले. पेन्सिलला टोक केल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही.

गुरुवारी मी लवकरच गॅलरीत जाऊन उभी राहिले. कपडे नव्हते वाळत घातलेले, काही निमित्त नव्हतं. मला ऐकायच्या होत्या त्या न पडलेल्या टाळ्या. आज हे उभे राहतील, घाम पुसतील, ‘आजचे पाहुणे हे कोंबड्यांचे तज्ज्ञ आहेत’ असं काहीतरी म्हणतील, हॉल जांभई देईल, आणि उद्या पेठेत बायका विचारतील, काय हो, डॉक्टरांची तब्येत बरी नव्हती का? मी मनातल्या मनात उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं. खिडक्यांत उजेड होता, पंखे फिरत होते.

टाळ्या पडल्या.

नेहमीच्या वेळेला, नेहमीसारख्याच. ना एक कमी, ना एक जास्त. मला वाटलं दुसऱ्या कशाला असतील, म्हणून थांबले. कामवाली पदराला हात पुसत माझ्यामागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘बोलले जनू डॉक्टरसायेब.’

मी आत गेले आणि तवा ठेवला.

हे आले ते जिन्यावरूनच बोलत. एवढे खुशीत मी त्यांना लग्नातही बघितलं नव्हतं. कोट काढला, खुंटीला लावायचा विसरून खुर्चीवर टाकला. ‘जमलं की गं मला!’ म्हणाले. ‘काही नाही, नाव सांगितलं, गाव सांगितलं, शिक्षण सांगितलं आणि बसलो. तरी काय टाळ्या! अध्यक्ष तर म्हणाले, डॉक्टर, आज थोडक्यात आटोपलंत, झकास. उगाच तुला इतकी वर्षं त्रास दिला.’

मी हात पुसले. ताट घेतलं. तव्यावरची पहिली भाकरी फुगून वर आली होती. ती काढली, माझ्या ताटात घेतली, वर लोणी घातलं, शेजारी चटणी वाढली, आणि चुलीजवळ पाटावर बसून त्यांच्याआधी जेवायला लागले. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

त्यांच्या ते लक्षात आलं नाही. ते उंबऱ्यावर उभे राहून अजून टाळ्यांचंच सांगत होते.